मेजर, पण कुठला मेजर? ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची कारकीर्द कागदावरून कशी लावायची

चार वर्षांपूर्वी मी एका छोट्या मासिकात दुसऱ्या महायुद्धात बर्मात चौदावी आर्मी चालवणारे फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांच्यावर लेख लिहिला. त्यात एक ओळ होती : '१९३० साली ते मेजर झाले.' अंक बाहेर पडून आठवडा झाला नाही तोच एका निवृत्त सुभेदार मेजर साहेबांचा फोन आला. "क्लार्कसाब, सर्व्हिसमध्ये असताना असा पार्ट टू काढला असतात ना, तर सीओंनी उभं केलं असतं. मेजर १९३३ साली झाले. १९३०चं ब्रेव्हेट होतं." आणि फोन ठेवला.

मी बेळगावच्या छावणीत वीस वर्षं हवालदार क्लार्क होतो. जवानाची रजा, लग्न, मूल, बढती, बदली, सगळं आमच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये चढतं आणि तिथून त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, जातं. पार्ट टूमध्ये नाही ते घडलंच नाही, असं आम्ही नव्या क्लार्कला पहिल्या दिवशी सांगायचो. तोच मी स्लिमसाहेबांच्या बाबतीत इकडचं-तिकडचं वाचून ओळ ठोकून दिली होती. त्या फोननंतर मी त्यांचा शीट रोल स्वतः बांधायला बसलो, पहिल्या तारखेपासून. ते करताना जी पद्धत हाताला बसली ती इथे देतो. तुमचा अधिकारी दुसरा कुणी असला तरी हीच चालेल. तुमच्या गावात समाधी असलेला एखादा कर्नल असो, नाहीतर पुस्तकात भेटलेला एखादा जनरल.

आधी कागद आखा

एक मोठा कागद घ्या, नाहीतर संगणकावर तक्ता करा. रकाने पाच : तारीख, हुद्दा, हुद्द्याचा प्रकार, नेमणूक आणि 'कुठे लिहिलंय'. पाचवा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पेन्सिलीने लिहायची. माझ्या पहिल्या तक्त्यात निम्म्याहून जास्त ओळी पेन्सिलीच्याच होत्या.

पहिल्या ओळीसाठी पूर्ण नाव हवं. आडनाव आणि 'जनरल' एवढ्यावर शोधायला बसलात तर त्याच आडनावाची चार माणसं एकमेकांत मिसळतील. स्लिम यांचं पूर्ण नाव विल्यम जोसेफ स्लिम. जन्म ६ ऑगस्ट १८९१, ब्रिस्टल शहरातल्या बिशपस्टन भागात. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदणी १८३७ पासून आहे, त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळात जन्मलेल्याचा दाखला सहसा सापडतो. दर दहा वर्षांची जनगणना त्याच्या जोडीला घ्या. पण तारखा बघून. १८९१ची जनगणना ५ एप्रिलला झाली आणि बाळ ऑगस्टमध्ये आलं, त्यामुळे त्या वर्षी स्लिम सापडणार नाहीत. १९०१ला ब्रिस्टलमध्ये शोधायचं आणि १९११ला बर्मिंगहॅममध्ये, कारण मधल्या काळात घर हललं होतं. १९२१ला ते हिंदुस्थानात गुरख्यांच्या पलटणीत होते, म्हणजे इंग्लंडच्या घरोघरच्या यादीत नाव शोधणं व्यर्थ.

जनगणनेत बापाचा धंदा लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या सैन्यात अधिकाऱ्याच्या कारकिर्दीचं अर्धं कारण बापाच्या खिशात असायचं. स्लिम यांचे वडील लोखंडी सामानाचे व्यापारी, धंदा बसलेला. दोन मुलांपैकी एकालाच विद्यापीठात पाठवायची ऐपत, आणि तो हा नव्हे. विल्यम आधी प्राथमिक शाळेत मास्तर झाला, मग धातूचे पाइप करणाऱ्या कंपनीत कारकून. (कारकून! इथे मी तक्ता बाजूला ठेवून चहा केला.) १९१२ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरमध्ये तो भरती झाला, स्वतः विद्यापीठाचा विद्यार्थी नसताना.

छावणीत मी एक गोष्ट बरेचदा ऐकली होती, की स्लिम साध्या शिपायापासून वर आले. तसं नाही. २२ ऑगस्ट १९१४ला, युद्ध सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, त्यांना रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये थेट सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं. फक्त ते 'टेम्पररी' होतं. युद्ध संपलं की घरी. हा शब्द तक्त्यात लाल शाईने लिहा, पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

गॅझेट : त्यांचा पार्ट टू

ब्रिटिश अधिकाऱ्याचं कमिशन, बढती, पदक आणि निवृत्ती लंडन गॅझेटमध्ये छापलं जातं. हे सरकारी पत्रक १६६५ पासून निघतंय. लंडनमध्ये प्लेग होता म्हणून दरबार ऑक्सफर्डला गेला होता, तिथे ते सुरू झालं. जुने अंक गॅझेटच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. नाव इंग्रजीत टाका, तारखांची मर्यादा घाला आणि शोधा.

ऐकायला सोपं वाटतं. माझ्या साहेबांचं आडनावच मुळी 'सडपातळ' या अर्थाचं, त्यामुळे भलतीच पानं समोर येत. शिवाय जुनी छपाई यंत्राने वाचलेली असते आणि यंत्र एम अक्षराला आर-एन समजतं. तीन गोष्टी कामाला आल्या. आडनावाआधी आद्याक्षरं घालायची, म्हणजे डब्ल्यू. जे. स्लिम. एका वेळी सहा-सहा महिन्यांचाच काळ चाळायचा. आणि नाव सापडत नसेल तर रेजिमेंटच्या नावाने ते पान काढून डोळ्यांनी वाचायचं. तिसरी कंटाळवाणी आहे, पण कधी फसवत नाही.

पान सापडलं की त्यावरचं शीर्षक बघा. ब्रिटिश आर्मीचे अधिकारी वॉर ऑफिसच्या शीर्षकाखाली येतात, इंडियन आर्मीचे इंडिया ऑफिसच्या. ही दोन वेगळी सैन्यं होती. गोरा साहेब म्हणजे ब्रिटिश आर्मी, ही आपल्याकडची सरसकट समजूत चूक आहे. स्लिम १९१९ साली इंडियन आर्मीत गेले, म्हणून त्यानंतरच्या बढत्या वॉर ऑफिसखाली शोधत मी दोन रविवार घालवले.

नोंदीत दोन तारखा असतात. अंकाची एक आणि बढती लागू झाल्याची दुसरी. तक्त्यात दुसरी लिहायची, पहिली पाचव्या रकान्यात. दोन्हींत कधी काही महिन्यांचं अंतर पडतं. मानसन्मानाला तर तिसरी तारीखही असते. स्लिम यांचा नाइटहूड १९४४ साली जाहीर झाला, पण व्हाइसरॉय वेव्हेल यांनी इम्फाळच्या मैदानावर तलवार खांद्याला लावली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात. एक लेखक एक तारीख देतो, दुसरा दुसरी, आणि दोघेही बरोबर असतात.

एका शब्दाने मला चांगलाच घाबरवला होता : रिलिंक्विशेस. अमुक अधिकारी टेम्पररी कॅप्टनचा हुद्दा सोडत आहे. वाचणाऱ्याला वाटतं, साहेबाची पट्टी उतरवली! तसं काही नसतं. ज्या कामासाठी हुद्दा दिला होता ते काम संपलं किंवा बदली झाली, एवढाच अर्थ. खरी शिक्षा असेल तर भाषा वेगळी असते आणि त्यामागे कोर्ट मार्शलचे कागद असतात.

तुमचा अधिकारी १८७१च्या आधीचा असेल तर नोंदीत 'बाय पर्चेस' असं दिसेल. म्हणजे हुद्दा विकत घेतला. पायदळात लेफ्टनंट कर्नलचा सरकारी भाव ४,५०० पौंड आणि सगळ्यात खालच्या एन्साइनचा ४५० पौंड होता, वरकड वेगळी. असईच्या लढाईमुळे आपल्याला माहीत असलेले आर्थर वेलस्ली १७९३ साली याच वाटेने ३३व्या पायदळाचे लेफ्टनंट कर्नल झाले, भावाकडून पैसे घेऊन. ही पद्धत १८७१ साली बंद झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात मात्र खरेदी नव्हती, तिथे ज्येष्ठतेने रांग सरकायची. तेव्हा कंपनीच्या माणसाला पन्नाशीतही मेजर बघून 'कर्तृत्व कमी' असं लिहू नका. त्याच्या पुढचे लोक मेले नव्हते, एवढंच.

हुद्दा अंगावरचा आणि हुद्दा हक्काचा

आता ज्या चुकीपायी हे सगळं सुरू झालं तिच्याकडे येतो.

त्या सैन्यात एका माणसाला एकाच वेळी दोन-तीन हुद्दे असू शकत. 'सबस्टॅन्टिव्ह' म्हणजे कायम, हक्काचा. पेन्शन आणि ज्येष्ठता त्याच्यावर. 'अ‍ॅक्टिंग' म्हणजे खुर्चीवर आहे तोवर. तो काही काळ टिकला की 'टेम्पररी'. आणि 'ब्रेव्हेट' हा खास प्रकार. सैन्याने म्हणायचं, तू मेजर. पण तुझ्या रेजिमेंटच्या यादीत तू अजून कॅप्टनच. चांगल्या माणसाला रांग मोडून वर काढायचं असेल आणि जागा नसेल तर ही युक्ती. स्लिम १९३०च्या जानेवारीत ब्रेव्हेट मेजर झाले, खरे मेजर १९३३च्या मे महिन्यात. तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. सुभेदार मेजर साहेबांचा मुद्दा हाच होता.

मी आधी याला क्लार्की बारकावा समजत होतो. मग तक्त्यात दोन रंगांनी दोन रेघा ओढल्या, एक अंगावरच्या हुद्द्याची आणि एक हक्काच्या, आणि माणूस दिसायला लागला. पहिल्या युद्धात अंगावरची रेघ वर जाते. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत कंपनी सांभाळली, ऑगस्ट १९१५ मध्ये सारी बैरच्या डोंगरावर ते गंभीर जखमी झाले. मग १९१६ साली त्यांनी कायम कमिशन घेतलं ते वेस्ट इंडिया रेजिमेंटमध्ये. बर्मिंगहॅमचा माणूस वेस्ट इंडीजच्या पलटणीत का जाईल? कारण इंग्लंडमधल्या रेजिमेंटच्या मेसचा खर्च नुसत्या पगारात भागत नसे, घरून पैसे यावे लागत. बाहेरच्या पलटणीत पगारावर जगता येई. वडिलांचा धंदा जनगणनेत वाचायला सांगितला तो यासाठी. प्रत्यक्षात मेसोपोटेमियात (आजचं इराक) ते लढले पुन्हा वॉरिकशायरच्या ९व्या बटालियनबरोबरच, तिथे दुसऱ्यांदा जखमी झाले, मिलिटरी क्रॉस मिळाला आणि औषधपाण्यासाठी हिंदुस्थानात आले.

इंडियन आर्मीत बदली, १९२० साली ६व्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन. याच पलटणीचे गुरखे त्यांनी सारी बैरच्या चढावर शेजारी लढताना पाहिले होते. तक्त्यात १९१५ आणि १९२० या दोन ओळी एकमेकींखाली आल्या तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. नुसत्या चरित्रात वाचून गेलो असतो तर निसटलं असतं.

त्यानंतर दोन्ही रेघा आडव्याच्या आडव्या. वीस वर्षं. शांततेचा काळ, सैन्य लहान, वर जागा नाहीत. १९२६ला क्वेट्याचं स्टाफ कॉलेज, नंतर दिल्लीचं मुख्यालय, १९३४ ते १९३७ इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजात शिक्षक. या काळात घरखर्चाला हातभार म्हणून ते अँथनी मिल्स या टोपणनावाने मासिकांत कथा लिहायचे. मिल्स हे इंग्रजी अक्षरांत, एक एल गाळून, उलटं वाचा. त्यामुळे अधिकाऱ्याचं टोपणनाव ठाऊक असेल तर तेही तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.

१९३८ला ७व्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनची कमान आली. जून १९३९ मध्ये कर्नल आणि बेळगावच्या सीनियर ऑफिसर्स स्कूलचे प्रमुख. ही ओळ शाईने लिहिताना माझा हात थोडा रेंगाळला, कबूल करतो. त्याच छावणीतल्या रस्त्याने मी वीस वर्षं सायकल हाकली, आणि हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मुक्काम जेमतेम तीन महिन्यांचा. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि त्यांना १०वी इंडियन ब्रिगेड मिळाली.

इथून अंगावरची रेघ उभी चढते. मे १९४१ मध्ये डिव्हिजन, मार्च १९४२ मध्ये बर्मा कोअर, ऑक्टोबर १९४३ मध्ये चौदावी आर्मी. १९३८ला जो एक पलटण चालवत होता तो पाच वर्षांत अख्खी आर्मी चालवतोय, आणि हक्काच्या हुद्द्याची रेघ बिचारी मागून चालत येते. १९४२ची, जपान्यांपुढची बर्मा कोअरची ती माघार, रंगूनपासून इम्फाळपर्यंत सुमारे ९०० मैल. ज्याचा हक्काचा हुद्दा एवढा मागे आहे त्याला हरल्यावर परत खाली पाठवायला कुणाला फार कागद लागले नसते. नुसतं 'रिलिंक्विशेस' पुरे. तसं झालं नाही, हे दोन रेघांमधलं अंतर बघितल्यावर जास्त कळतं.

आर्मी लिस्ट

गॅझेट एकेक घटना सांगतं, आर्मी लिस्ट एका क्षणी सगळी रांग दाखवते. सगळे अधिकारी, ज्येष्ठतेने, बढतीच्या तारखांसह. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या ब्रिटिश लष्करी याद्यांचा मोठा साठा फुकट वाचायला ठेवला आहे. १९१५पर्यंत हार्ट नावाच्या अधिकाऱ्याने सुरू केलेली खासगी यादीही निघायची. तिच्यात युद्धसेवेच्या टिपा असतात, म्हणून एकोणिसाव्या शतकासाठी ती आधी बघा. इंडियन आर्मीची यादी वेगळी.

नावापुढच्या बारीक अक्षरांकडे लक्ष द्या. पीएससी म्हणजे स्टाफ कॉलेज उत्तीर्ण, आयडीसी म्हणजे लंडनचं इम्पीरियल डिफेन्स कॉलेज केलेला. मोठ्या हुद्द्याच्या शर्यतीत कोण आहे ते या अक्षरांवरून आधीच कळतं. स्लिम यांच्याकडे दोन्ही होती.

नावामागचं शेपूट

साहेबाच्या नावामागे अक्षरांची मालगाडी असते. स्लिम यांची : केजी, जीसीबी, जीसीएमजी, जीसीव्हीओ, जीबीई, डीएसओ, एमसी. ती मानाच्या क्रमाने लावलेली असते, मिळाल्याच्या क्रमाने नव्हे. म्हणून कारकीर्द वाचायची तर शेवटच्या डब्यापासून सुरुवात करा. एमसी म्हणजे मिलिटरी क्रॉस, १९१४च्या डिसेंबरात सुरू झालेला, तेव्हा कॅप्टन आणि त्याखालच्यांसाठी. म्हणजे हा माणूस तरुणपणी स्वतः गोळीच्या पल्ल्यात होता. डीएसओ रणांगणावरच्या नेतृत्वासाठी. जीबीई, जीसीबी मोठ्या पदावरचे. जीसीएमजी बहुतेक परदेशातल्या आणि वसाहतींच्या कामाला जोडलेला, जीसीव्हीओ राजा-राणीच्या वैयक्तिक सेवेसाठी. तो त्यांना १९५४ साली मिळाला, राणी एलिझाबेथ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होती तेव्हा. केजी म्हणजे ऑर्डर ऑफ द गार्टर, सगळ्यात वरचा मान, १९५९. ज्या जनरलच्या शेपटात वरचे डबे भरपूर आणि एमसी-डीएसओ काहीच नाही, तो वाईट असतो असं नाही. पण त्याची वाट दुसरी होती हे समजून पुढे वाचा.

फायली

लंडनमध्ये क्यू इथे ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्ह्ज आहे. तिथल्या लष्करी फायली 'डब्ल्यूओ' या अक्षरांनी आणि आकड्याने ओळखतात. सूची घरबसल्या शोधता येते. पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या फायली डब्ल्यूओ ३३९ आणि डब्ल्यूओ ३७४ मध्ये. पण अपेक्षा बेताची ठेवा. मूळ सेवापत्रकं १९४०च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. उरला आहे तो पत्रव्यवहार : जखमेचे वैद्यकीय अहवाल, पगाराची भांडणं, रजेचे अर्ज. आम्हा क्लार्क लोकांना हेच जास्त आवडतं. मेडिकल बोर्डाच्या एका कागदावरून माणूस जेवढा कळतो तेवढा पदकाच्या प्रशस्तिपत्रावरून कळत नाही.

पदकांची नोंदपत्रं डब्ल्यूओ ३७२ मध्ये, दुसऱ्या युद्धातल्या पदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये. पलटणी आणि मुख्यालयांच्या रोजच्या युद्धनोंदी, ज्यांना वॉर डायरी म्हणतात, त्या पहिल्या युद्धासाठी डब्ल्यूओ ९५ आणि दुसऱ्या युद्धातल्या आग्नेय आशियासाठी डब्ल्यूओ १७२. डायरीत साहेबाचं नाव क्वचित येतं, पण त्या दिवशी त्याचं युनिट कुठे होतं ते येतं. नाव नाही म्हणून डायरी सोडू नका.

तुमचा माणूस इंडियन आर्मीचा असेल तर क्यूला जाऊन रिकाम्या हाताने परत याल. त्यांचे कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, लष्करी भाग एल/एमआयएल या खुणेने. खासगी कागदपत्रं आणखी तिसरीकडे असतात. स्लिम यांची केंब्रिजच्या चर्चिल आर्काइव्ह्ज सेंटरमध्ये आहेत. बऱ्याच सेनापतींची लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या लिडेल हार्ट सेंटरमध्ये. गुरखा पलटणींसाठी विंचेस्टरचं गुरखा म्युझियम, आणि सर्वसाधारण चेल्सीचं नॅशनल आर्मी म्युझियम. जाणं शक्य नसेल तर ईमेल करा. मात्र 'स्लिमविषयी माहिती द्या' असं लिहू नका. तुमचा तक्ता जोडा आणि कुठली एक ओळ पेन्सिलीची आहे ते विचारा. अभिलेखागारातला माणूसही शेवटी क्लार्कच. नेमका प्रश्न आला की त्याचा जीव आनंदतो.

साहेब स्वतः काय म्हणतात

आत्मकथन सगळ्यात शेवटी वाचा. आधी वाचलंत तर तुमचा तक्ता त्यांच्या आवाजात भरेल. स्लिम यांनी बर्मा मोहिमेवरचं 'डिफीट इंटू व्हिक्टरी' १९५६ साली प्रसिद्ध केलं, आणि सेनापतींच्या पुस्तकांत ते वेगळं आहे, कारण त्यात ते स्वतःच्या चुका नावानिशी लिहितात. कोहिमावर जपान्यांची एखादी रेजिमेंट येईल असा त्यांचा अंदाज होता, आली पूर्ण ३१वी डिव्हिजन. हे त्यांनी लपवलं नाही. १९४०च्या नोव्हेंबरात सुदानच्या सरहद्दीवर गलाबातला आपण धीट पर्याय सोडून सावध पर्याय घेतला, हेही त्यांनी नंतर लिहिलं.

पण कबुली देणारा माणूससुद्धा सगळं सांगत नाही. मे १९४५, रंगून नुकतंच हाती आलेलं. वरचे सेनापती ऑलिव्हर लीस यांनी स्लिम यांना चौदाव्या आर्मीवरून हलवायचं ठरवलं. जिंकलेल्या सेनापतीला बाजूला काढायचा घाट! सैन्यात गदारोळ झाला, निर्णय फिरला, आणि काही आठवड्यांत लीसच घरी गेले आणि त्यांच्या जागी स्लिम आले. गॅझेट वाचलंत तर एक नेमणूक आणि १ जुलै १९४५ची जनरल पदाची बढती दिसेल. आत्मकथनात शोधत बसलात तर या भांडणाचं फारसं काही हाती लागत नाही. अशा जागी दुसऱ्यांचे कागद लागतात : तिथले सर्वोच्च सेनापती माउंटबॅटन यांचे, लंडनमधले लष्करप्रमुख अ‍ॅलनब्रूक यांच्या दैनंदिनीचे. दोन ओळींच्या मधे काहीतरी कोंबलंय असा वास आला की वरच्या आणि खालच्या, दोन्ही साहेबांची दफ्तरं उघडायची.

निवृत्तीनंतरच्या ओळी

'रिटायर्ड' दिसलं की तक्ता बंद करू नका. स्लिम १९४८ साली सैन्यातून बाहेर पडून चक्क रेल्वेच्या कारभारात गेले होते. पंतप्रधान अ‍ॅटली यांनी त्यांना परत बोलावून इम्पीरियल जनरल स्टाफचं प्रमुखपद, म्हणजे ब्रिटिश लष्करप्रमुखाची खुर्ची दिली, मावळते प्रमुख माँटगोमेरी यांना दुसराच माणूस हवा होता तरी. इंडियन आर्मीतून त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले. जानेवारी १९४९ मध्ये फील्ड मार्शल झाले, आणि फील्ड मार्शल कागदोपत्री निवृत्तच होत नाही.

१९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल. हा काळ गॅझेटमध्ये फार नाही, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं आहेत तिथे आहे. याच काळाबद्दल एक ओळ मला नाइलाजाने लिहावी लागली. फेअरब्रिज या शेतशाळेत इंग्लंडहून पाठवलेली मुलं ठेवत. तिथे भेटीला आलेल्या गव्हर्नर जनरलनी आपल्याशी लैंगिक गैरवर्तन केलं, असा आरोप तिथल्या काही माजी मुलांनी स्लिम गेल्यानंतर अनेक वर्षांनी केला. कोर्टात हे कधी तपासलं गेलं नाही. कॅनबेरातल्या त्यांच्या नावाच्या रस्त्याचं नाव पुढे बदलण्यात आलं. मी प्रकाराच्या रकान्यात 'आरोप' असं लिहिलं आणि पाचव्यात कुठे वाचलं ते. खोडलंही नाही, ठरवूनही टाकलं नाही. लंडनमध्ये व्हाइटहॉलला त्यांचा पुतळा १९९० साली बसला, ती ओळ त्याच पानावर आहे.

शेवटच्या ओळी सोप्या असतात. १९६० मध्ये व्हायकाउंट, १९६४ पासून विंडसर किल्ल्याचे गव्हर्नर, १४ डिसेंबर १९७० रोजी लंडनमध्ये मृत्यू. मृत्यूची तारीख पक्की करायला इंग्लंडच्या मृत्युपत्रांची १८५८ पासूनची छापील सूची चांगली. तिच्यात शेवटचा पत्ताही असतो.

तक्ता पूर्ण झाला तेव्हा तेवीस पानं भरली होती. एक प्रत मी सुभेदार मेजर साहेबांना टपालाने पाठवली, १९३० आणि १९३३च्या ओळींखाली जाड रेघ मारून. पंधरा दिवसांनी फोन आला. नमस्कार नाहीच. "ठीक आहे. आता ऑकिनलेक." आणि फोन बंद. नवा कागद आखलाय. इंडियन आर्मीचेच दुसरे फील्ड मार्शल, क्लॉड जॉन आयर ऑकिनलेक, २१ जून १८८४, ऑल्डरशॉट. जन्माची ओळ अजून पेन्सिलीत आहे.